लिफ्ट भरली आहे

माझ्या मावशीने उभा जन्म लोकांना वर नेण्यात आणि खाली आणण्यात घालवला. फौजदारी कोर्टाच्या जुन्या इमारतीत ती लिफ्ट चालवायची. आता त्याच जागी बटणं दाबून चालणारी, आपोआप उघडणारी, मजला आला की गोड आवाजात सांगणारी नवी लिफ्ट आहे. तिच्यात चढले की माझं डोकं फिरतं. मजला सांगते ती, पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे तिला कुठे कळतं?

मावशीची लिफ्ट म्हणजे लोखंडी जाळीचे दोन सरकते दरवाजे, आत लाकडी भिंती, छताला घरघरणारा पंखा आणि कोपऱ्यात एक स्टूल. स्टुलासमोर पितळी दांडा. दांडा एका बाजूला ढकलला की वर, दुसऱ्या बाजूला ढकलला की खाली, मधे आणला की थांबायचं. सांगायला सोपं आहे. मी एकदा सुट्टीच्या दिवशी हट्टाने चालवून पाहिली, तर मजला माझ्या कमरेशी राहिला आणि मला चढून बाहेर यावं लागलं. मावशी रुमालात तोंड खुपसून हसत होती. तिच्या हातून लिफ्ट अशी थांबायची, की आतली फरशी आणि बाहेरची फरशी एक व्हायची. "माझ्या दारात कुणाला ठेच लागलेली नाही," एवढीच फुशारकी ती मारायची. पण ती रोज मारायची.

आता गंमत बघा. कोर्टाच्या खोलीत आरोपीला वेगळा पिंजरा, साक्षीदाराला वेगळा, वकिलांना लांबलचक टेबल, न्यायाधीशांना उंच खुर्ची. प्रत्येकाला आपापली जागा आखून दिलेली. पण त्या खोलीपर्यंत पोहोचायला सगळ्यांना एकच लिफ्ट. न्यायाधीशांचा तेवढा मागचा जिना वेगळा. बाकी जामिनावर सुटलेला गुंड, त्याच्यावर बोट रोखायला आलेला साक्षीदार, दोघांचे वकील आणि पोलीस, सगळे त्या लाकडी खोक्यात एकमेकांना खेटून उभे. दारावर पितळी पाटी होती, आठ माणसांची. त्या आठांत कोण कुणाच्या शेजारी आलं, याची उठाठेव कायद्याने कधी केली नाही.

तर अशा खोक्यात बसून मावशीने काय काय ऐकलं असेल! मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले आणि मग तिथलीच झाले. मला चौकशांची भारी खोड. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या, की मी विचारायची, "मावशी, आज काय ऐकलंस?"

"पंखा," ती म्हणायची.

रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. लिफ्टमधलं लिफ्टमध्येच ठेवायचं, हा तिचा नियम होता. तो मोडायला मी तिला गुदगुल्या केल्या, रुसून बसले, एकदा तर तिच्या वाढदिवसाची भेट अडवून धरली. काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. ते भिंगातून एक डोळा वर करून म्हणायचे, "अगं, मला तिने लग्नाला होकार दिला तोसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर. तुझी काय डाळ शिजणार?"

त्या काळात शहरात मालकाचा खटला गाजत होता. मालक हे त्याचं टोपणनाव. खरं नाव वर्तमानपत्रात यायचं, पण तोंडाने कुणी घेत नसे. बाजारातल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्यांवर दुकानदारांची नावं होती आणि दुकानं मालकाची होती, इतकं सांगितलं की पुरे. एका लाँड्रीवाल्याने मात्र त्याला नाही म्हटलं. त्याला ती जागा सोडायची नव्हती, बस्स. भर बाजारात, दुकान उघडं असताना, मालकाने त्याला स्वतःच्या हाताने जिवे मारलं. स्वतःच्या हाताने यासाठी, की सगळ्यांनी पाहावं. आणि सगळ्यांनी पाहिलं. पोलिसांना त्यांनी तसं सांगितलंही.

मग खटला उभा राहिला आणि एकेकाचे डोळे गेले. चपलांच्या दुकानवाल्याने काहीच पाहिलं नव्हतं. फुलवाला त्या दिवशी गावाला गेला होता. समोरचा दाढी करणारा म्हणाला, माझी पाठ होती. प्रत्येक जण पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात फिरवत होता, एकेक साक्षीदार फितूर होत होता, आणि मालक आरोपीच्या पिंजऱ्यात पायावर पाय टाकून बसलेला असायचा. तो तुरुंगातून पोलिसांच्या गाडीत यायचा. त्याची माणसं मात्र आपल्या पायांनी यायची, लिफ्टने.

शेवटची साक्षीदार होती ती लाँड्रीवाल्याची बायको. तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं सगळं. सरकारी वकील म्हणजे एक किडकिडीत, सदा खोकणारे गृहस्थ. त्यांची सगळी भिस्त तिच्यावर होती.

तिची साक्ष झाली त्या दिवशी संध्याकाळी मावशी घरी आली, चपला काढल्या, आणि मी सवयीने विचारलं, "आज काय ऐकलंस?"

'पंखा' आला नाही. ती आत गेली आणि नळ सोडून हात धूत बसली. हात कसले धूत होती, पाणी नुसतंच वाहत होतं. मी नळ बंद केला. तिला जेवण गेलं नाही. ताटावरून उठताना ती म्हणाली, "अहो, जरा भिंग खाली ठेवा. मला बोलायचंय."

सकाळी ती लाँड्रीवाली आली होती. सोबतचा हवालदार खालच्या खिडकीवर कागदावर शिक्का घ्यायला थांबला. ती एकटीच लिफ्टमध्ये शिरली, आणि तिच्या मागोमाग मालकाची दोन माणसं. मावशीने दार ओढलं, दांडा ढकलला. दुसरा मजला गेल्यावर मागून एक जण अगदी हळू, अगदी मायेने म्हणाला, "ताई, तुमची मुलगी त्या निळ्या फाटकाच्या शाळेत जाते ना? गणवेशाला इस्त्री काय कडक असते हो तिच्या. लांबूनसुद्धा ओळखू येते."

एवढंच. चौथा मजला आला. ती माणसं उतरली. लाँड्रीवाली उतरेना. तिचे पाय उचलेनात. मावशीने तिला हाताला धरून बाहेर काढलं. मग ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मी मागच्या खोलीत होते, मला काही दिसलं नाही.

"मी उद्या सरकारी वकिलांना सांगणार आहे," मावशी म्हणाली.

काकांची पाचावर धारण बसली. एरवी तो माणूस मुंगीवरसुद्धा आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी चढवला. "तुला काय करायचंय? तुझं काम दार उघडायचं आणि लावायचं! उद्या आपल्या दारात कुणी उभं राहिलं तर? ही पोरगी दुकानातून अंधारात एकटी येते!"

पोरगी म्हणजे मी. तोवर मी औषधाच्या दुकानात कामाला लागले होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, माझं नाव मधे घालू नका. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी दुकानातून उजेड असतानाच निघाले.

मावशी शांतपणे म्हणाली, "तिची पोरगीपण शाळेतून एकटीच येते."

तिने जाऊन सांगितलं. सरकारी वकिलांनी तिचं म्हणणं कोर्टापुढे ठेवलं, की साक्षीदाराला धमकावलं आहे, तिला पुन्हा बोलावू द्या. न्यायाधीश म्हणाले, आधी या लिफ्टवाल्या बाईंना ऐकू. तारीख पडली, आणि शहरभर बोभाटा झाला.

दोन दिवसांत काकांच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. छान कपडे, छान बोलणं. मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. काच फुटलेली, काटे थांबलेले. काका म्हणाले, होईल दुरुस्त. तर तो म्हणाला, "नको. असंच राहू द्या. तुमच्या बाईंना दाखवा, म्हणावं चालता चालता बंद पडलं." आणि घड्याळ तिथेच टाकून निघून गेला.

काका घरी आले ते पांढरेफटक. घड्याळ त्यांनी मावशीसमोर ठेवलं. आता हे रडणार, असं मला वाटलं. मावशीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "खरंच होईल का दुरुस्त?"

"होईल की," काका म्हणाले. "न व्हायला काय झालं?"

"मग करा."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. पुढचे दोन तास ते कुणाशी बोलले नाहीत. झोपायच्या आधी घड्याळ टिकटिकायला लागलं, आणि माझ्या काकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्या दिवसानंतर मावशीला तू जाऊ नकोस, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. या माणसाला मी घाबरट समजत आले होते.

साक्षीच्या दिवशी मावशी आयुष्यात पहिल्यांदा उतारू म्हणून आपल्याच लिफ्टमध्ये चढली. बदलीवर एक हमाल बसवला होता. त्याने लिफ्ट चौथ्या मजल्याच्या चांगली वीतभर खाली थांबवली. मावशीचा जीव खालीवर झाला. "अरे, अजून थोडी, अजून थोडी," करत तिने त्याच्याकडून ती पातळीला आणवली आणि मगच बाहेर पाऊल टाकलं. मी म्हटलं, "मावशी, आज तरी सोड." ती म्हणाली, "आज कसं सोडू? आज तर मागून पुष्कळ लोक येणार आहेत."

आणि मग तिने ती अजरामर चूक केली. पुकारा झाला. मावशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली. त्या पिंजऱ्याला एक छोटं लाकडी दार असतं. तिने मागे वळून ते व्यवस्थित ओढून घेतलं, लागलं ना हे हलवून पाहिलं, समोर वळली, हात पुढे केला आणि भर कोर्टात न्यायाधीशांना विचारलं, "कितवा मजला?"

खोली दणाणून गेली. वकील हसले, पोलीस हसले, टंकलेखक यंत्रावर डोकं टेकून हसला. मालकसुद्धा हसला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, आपण इथेच थांबणार आहोत." मावशी कानशिलांपर्यंत लाल झाली. मला त्या सगळ्या हसणाऱ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

सरकारी वकिलांना तिने जे ऐकलं ते सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग मालकाचे वकील उठले. शहरातले नावाजलेले. वर्षानुवर्षं मावशीच्याच लिफ्टमधून येणारे. ते हसतहसतच आले.

"बाई, आपली ओळख जुनी. मी तुम्हाला गमतीने विचारायचो, लिफ्टमध्ये काय काय ऐकता? तुम्ही काय सांगायचात?"

"पंखा."

पुन्हा हशा.

"त्या दिवशी पंखा चालू होता?"

"होता."

"बोलणाऱ्याचा चेहरा पाहिलात?"

"नाही. माझी नजर दांड्यावर असते."

"म्हणजे कोण बोललं ते पाहिलं नाही. आणि जे बोललं गेलं ते काय, तर इस्त्री कडक आहे. लाँड्रीवालीच्या इस्त्रीचं कौतुक करणं हा गुन्हा आहे का हो?"

"कौतुक ऐकून कुणाचे पाय लटपटत नाहीत," मावशी म्हणाली. "तिला मी हाताला धरून बाहेर काढलं. तिचा हात बर्फासारखा गार होता."

वकिलांनी हात हलवून ते झटकून टाकलं. मग आवाज बदलला. हसू गेलं. "इतकी वर्षं तुम्ही रोज पंखा ऐकलात आणि नेमकं याच खटल्यात तुम्हाला माणसं ऐकू आली? का हो? कुणी शिकवलं तुम्हाला?"

मावशीने पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला, दांडा धरावा तसा. मी मनात म्हणत होते, बोल गं, बोल.

"साहेब, मी खोटं बोलत होते," ती म्हणाली. "मला नेहमीच ऐकू येतं. पंखा कितीही वाजला तरी येतं. याच खटल्यातला तो चपलांचा दुकानवाला, तो फुलवाला, त्यांनाही माझ्याच लिफ्टमध्ये असंच गोड बोलून काय काय विचारलं होतं. म्हातारे आईवडील कसे आहेत, भाऊ कोणत्या रस्त्याने घरी येतो. मी ऐकलं आणि दार उघडलं. मला वाटायचं, आपलं काम दार उघडायचं. त्याची मला लाज वाटते. म्हणून आज आले. मला कुणी शिकवलेलं नाही."

हशा कुठल्या कुठे विरला. पण वकील ते वकील. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटं बोलता, हे तुम्हीच सांगताय. आभारी आहे," आणि बसले. सरकारी वकील खोकत राहिले. मी बाहेर येऊन जिन्याच्या कठड्यावर बुक्की मारली आणि हात सुजवून घेतला. कायद्याच्या तराजूत त्या साक्षीचं वजन किती होतं, मला ठाऊक नाही. न्यायाधीशांनी मात्र लाँड्रीवालीला पुन्हा बोलवायची परवानगी दिली. ती बोलेल, यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

त्यानंतर मालकाच्या माणसांनी नवीनच चाळा सुरू केला. सकाळी चार जण लिफ्टमध्ये शिरायचे आणि उभे राहायचे. मावशी विचारायची, कितवा मजला? ते म्हणायचे, तुम्ही न्याल तो. ती वर न्यायची, दार उघडायची, कुणी उतरत नसे. खाली आणायची, कुणी उतरत नसे. काही बोलायचे नाहीत, हात लावायचे नाहीत, नुसते तिच्या मानेमागे उभे. पोलिसांना सांगितलं तर ते म्हणाले, लिफ्टमध्ये उभं राहण्याविरुद्ध कायदा नाही. मावशीने आपलं काम चालू ठेवलं. त्या चौघांसाठीसुद्धा ती लिफ्ट मजल्याच्या पातळीलाच थांबवायची. मी चिडून म्हटलं, "त्यांना तरी ठेच लागू दे!" तर म्हणाली, "माझ्या दारात नको."

पुढची गोष्ट मला खूप नंतर लाँड्रीवालीनेच सांगितली. तारखेच्या आदल्या आठवड्यात, कोर्ट सुटल्यावर, ती लिफ्टपाशी आली. लिफ्ट रिकामी होती. दोघी वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. ती म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, सगळे तुम्हाला हसले. मला बोलायचंय हो. पण पोरगी शाळेत आणि मी पिंजऱ्यात, असं असलं की माझी जीभ उचलत नाही. घरी ठेवू तर घर त्यांना ठाऊक. इथे आणू तर बाहेरच्या बाकांवर त्यांचीच माणसं. पोलिसांजवळ ठेवू, तर हवालदार शिक्का घ्यायला जातो."

मावशीने लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवली. चारी बाजूंनी भिंत. वर दोर, खाली खड्डा, आत त्या दोघी.

"इथे कुणी येऊ शकतं का?" तिने विचारलं.

"नाही," लाँड्रीवाली म्हणाली.

"मग तिला माझ्याकडे द्या."

"पण ती बरी आहे, हे मला वर कसं कळणार?"

त्या रात्री मावशी पिशवीतून एक गंजलेली घंटा घेऊन घरी आली. लिफ्टच्या भिंतीवरची होती, अडकलेल्या माणसाने वाजवायची. कित्येक वर्षं मुकी होती. तिने ती काकांपुढे ठेवली. कशाला, हे काकांनी विचारलं नाही. मी विचारलं, तर मला दोघांनीही झोपायला पाठवलं. मी मोठी बाई होते तेव्हा, नोकरी करत होते!

तारखेच्या दिवशी मी रजा टाकून चौथ्या मजल्यावर जाऊन बसले. काका म्हणाले, मी खालीच बाकावर बसतो. म्हणून खालचं जे झालं ते मी काकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि एकदा नव्हे. ते सांगताना आजही ते उठून उभे राहतात आणि मावशीसारखा हात आडवा धरतात.

लाँड्रीवाली मुलीला घेऊन आली. मुलगी शाळेच्या गणवेशात, कडक इस्त्री केलेल्या. आईनेच मुद्दाम घातला होता. दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. मागून ते नेहमीचे चौघे पुढे झाले. मावशीने स्टुलावरून न उठता दारात हात आडवा धरला.

"भरली," ती म्हणाली.

"आत दोघीच तर आहेत," त्यातला एक म्हणाला.

"भरली म्हणते ना." आणि तिने जाळी ओढली. आतली, मग बाहेरची. काका सांगतात, त्या जाळीचा आवाज इमारतभर घुमला.

चौथ्या मजल्यावर आई एकटीच उतरली. फरशीला फरशी लागलेली होती. दार पुन्हा बंद झालं, लिफ्ट खाली गेली, आणि मग ती थांबलीच नाही. वर जायची, खाली यायची, कुठल्याच मजल्यावर दार उघडायचं नाही. आत मावशी दांड्याशी आणि ती मुलगी खाली चटईवर बसून चित्रं काढत होती. इमारतीत हाहाकार उडाला. सुटलेल्या पोटांचे वकील जिने चढताना धापा टाकू लागले. मालकाचे नावाजलेले वकील चौथ्या मजल्यावर आले तेव्हा घामाने डबडबलेले होते. ते पाहून मला झालेला आनंद मी लपवला नाही. शेवटी इमारतीचे अधीक्षक खाली जाळीशी येऊन ओरडले, "बाई, लिफ्ट बिघडली का?"

"नाही साहेब," जाता जाता मावशी म्हणाली. "भरलीय."

लिफ्ट वर गेली, परत खाली आली. अधीक्षकांनी जाळीतून आत डोकावून पाहिलं. चटईवर एक लहान मुलगी. बाकावरच्या त्या चौघांकडेही पाहिलं. मग म्हणाले, "हं. भरलेली दिसते खरी," आणि जिन्याकडे वळले. हा माणूस एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर पगार कापायचा. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात माफ केलं.

वर लाँड्रीवाली पिंजऱ्यात उभी होती. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं? ती बोलेना. मालक तिच्याकडे बघत होता, अगदी मायेने. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून लिफ्टची घरघर वर आली, आणि एक घंटा वाजली. ठण्. एकच.

तिने मान वर केली. "मी मागच्या खोलीत नव्हते," ती म्हणाली. "मी गल्ल्याशीच होते. आमच्या यांच्यापासून दोन हातांवर."

मग ती बोलत गेली. मधेच आवाज अडखळायचा, ती थांबायची, खोली वाट पाहायची, घंटा वाजायची, आणि ती पुढे बोलायची. मालकाच्या वकिलांनी हरकत घेतली, हा काय आवाज आहे म्हणून. न्यायाधीश म्हणाले, "लिफ्ट आहे, वकीलसाहेब. लिफ्टला घंटा असते."

उलटतपासणी संध्याकाळपर्यंत चालली. वकिलांनी तिला खोटारडी ठरवायला काही बाकी ठेवलं नाही. शेवटी ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "याच कोर्टात तुम्ही शपथेवर सांगितलंत की काही पाहिलं नाही!"

तिने वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनीच वाट पाहिली. मालकसुद्धा भिंतीकडे बघत होता, आणि तो आता पायावर पाय टाकून बसला नव्हता. ठण्.

"पाहिलं होतं," ती म्हणाली. "सगळं पाहिलं होतं. यांनीच मारलं."

मालकाला जन्मठेप झाली. चपलांचा दुकानवालाही नंतर येऊन खरं बोलून गेला. निकालाच्या बातमीत न्यायाधीशांचं नाव होतं, सरकारी वकिलांचा फोटो होता, लाँड्रीवालीच्या धैर्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तच होतं. मावशीचा उल्लेख कुठेही नव्हता. मी वर्तमानपत्राला कडक शब्दांत पत्र लिहायला बसले, तर मावशीने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. ते घड्याळ न्यायला कुणी आलं नाही. ते आमच्या जेवणघरात टांगलेलं आहे आणि कधी एक मिनिटसुद्धा मागे पडत नाही. आमच्या घरात गर्व कुणी बोलून दाखवत नाही. मी दाखवते. माझ्या मावशीसारखी बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती, काळ्या कोटातली धरून.

पण मला सांगायचंय ते लाँड्रीवाली बोलली त्या दिवशीच्या संध्याकाळचं. मावशी घरी आली. दिवसभर दांडा धरून तिचा हात आखडला होता, काका तेल लावून चोळत होते. मी त्या दिवशी काही विचारलं नाही. तिची तिनेच सुरुवात केली.

"काय बडबडी पोर आहे गं ती! सगळं सांगितलं मला. त्यांच्या वर्गातली कोण रडकी, कोण चोरून खाते, बाईंचा चष्मा कुणी लपवला."

काकांचा हात थांबला. मी तोंडात घास तसाच धरला. त्या एका धमकीखेरीज इतक्या वर्षांत मावशीने लिफ्टमधला एक शब्द घरात आणला नव्हता.

"मग म्हणते कशी," मावशी पुढे सांगत होती, "पाटीवर आठ माणसं लिहिलंय, आत आपण दोघीच, मग तू सगळ्यांना भरली का सांगतेस?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, तुझी आई वर बोलतेय ना, ते संपेपर्यंत या लिफ्टमध्ये तू बसलीस की ती भरली." मावशीने ताट पुढे ओढलं. "वाढ गं आता. आज भूक लागलीय."